पाण्यावाचून वल्हं

नौकानयन म्हटलं की देवास कुणाला आठवत नाही. देवास आठवतं कुमार गंधर्वांमुळे, माताजीच्या टेकडीमुळे, आणि आपल्यासारख्या वाङ्मयवाल्यांना ई. एम. फॉर्स्टरमुळे, कारण १९२१ मध्ये तो थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून तिथे राहिला होता. पाण्याचं म्हणाल तर १९९० मध्ये या गावाला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा गावात माझ्या काकूने रोइंग मशीन घेतलं. इंदूरला एक जिम बंद पडली, तिथलं जुनं, पण चांगल्या अवस्थेतलं. काका नाशिकरोडहून बदली होऊन तिथल्या नोट प्रेसमध्ये आले, तेव्हापासून आमच्या घराण्याची एक शाखा देवासला आहे. त्या शाखेसकट सगळं खानदान व्हॉट्सअॅपवर पोट धरून हसलं. ‘नदी नाही, नाव नाही, वल्हं मात्र आलं!’

मला विचाराल तर हे हसू फार स्वस्तातलं आहे. घरात बसून वल्हवणाऱ्या बाईच्या बाजूने दोन शब्द बोलावेत, म्हणून हा लेख.

आधी मशीनबद्दल, कारण हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाटतं की हा हातांचा व्यायाम आहे. तसं नाही. पाय पट्ट्यांत अडकवायचे, गुडघे वाकवून सरकत्या सीटवर पुढे यायचं आणि पायांनी रेटायचं. जोराचा मोठा वाटा मांड्यांचा असतो. पाय सरळ होत आले की कमरेतून किंचित मागे झुकायचं आणि सगळ्यात शेवटी हात पोटाशी ओढायचे. परतताना क्रम उलटा: आधी हात, मग धड, मग पाय. ओढ जोरात आणि परतणं निवांत, साधारण दुप्पट वेळ घेऊन. मिनिटाला वीस-बावीस वल्ही नवख्याला पुष्कळ झाली. हवेच्या मशीनला एक ते दहा आकड्यांचा एक खटका असतो. नवीन माणूस मोठ्या हौसेने तो दहावर नेतो आणि दोन दिवसांत कंबर धरून बसतो. तीन ते पाचच्या मध्ये ठेवलेला बरा. आत पंख्याचं चाक असल्यामुळे तुम्ही जितक्या जोरात ओढाल तितकाच तो हवेचा विरोध वाढतो. म्हणजे पन्नाशीची बाई आणि विशीचा पोरगा एकाच मशीनवर आपापल्या ताकदीने वल्हवू शकतात.

आणि पाण्यावाचून वल्हवणं ही काही आमच्या काकूची शक्कल नाही. थंडीत नद्या गोठतात त्या देशांतले खेळाडू वर्षानुवर्षं याच मशीनवर सराव करतात. २०१८ पासून तर जागतिक नौकानयन महासंघ या मशीनवरच्या रोइंगची जागतिक स्पर्धाही भरवतो. पाणी आणि वल्ह्याचं नातं आपल्याला वाटतं तितकं सरळ नसतंच. नाशिकहून देवासला जाताना मुंबई-आग्रा रस्त्यावर चांदवड लागतं. त्याच तालुक्यातल्या, कायम दुष्काळी, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. विहिरी खोदायला जाणारा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि तिथे वल्हवायला शिकला. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून त्याने सुवर्णपदक आणलं. गावात पाणी आहे की नाही, यापेक्षा शिकायची सोय मिळते की नाही, हा प्रश्न मोठा असतो.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप काकांचा. ‘टेकडी फुकट आहे की!’ टेकडी फुकट आहे, सुंदर आहे, रोज पहाटे शेकडो लोक चढतात, हे सगळं खरं. पण काकूचे गुडघे दुखतात. रविवारी मिस्साला सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती बाकावर बसून राहते आणि त्याची तिला लाज वाटते. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांड्यांचे स्नायू बळकट करा, वजन थोडं उतरवा, पण पायऱ्या सध्या नकोत. मशीनवर शरीराचा भार सीटवर असतो, पाऊल आपटत नाही. मात्र गुडघा फार वाकवला की दुखतं, म्हणून ती पूर्ण पुढे येत नाही, मध्येच थांबते. हेही तिने डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. ज्याचा गुडघा किंवा पाठ दुखते त्याने असं विचारूनच सुरुवात करावी. सरसकट सगळ्यांना चालेल असा व्यायाम कुठलाच नसतो.

दुसरा आक्षेप घरच्या वडीलधाऱ्यांचा, आणि हा सगळ्यात जुना. ‘घरात कामं कमी आहेत का? चार बादल्या उचलल्या, फरशी पुसली की झाला व्यायाम.’ हे वाक्य तुमच्याही घरात कुणीतरी बोललेलं असणार. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. हालचालीत घरकामही धरतात, मान्य. पण फरशी पुसताना एकाच बाजूला वाकून कंबर जाते आणि धाप लागण्याआधी बेल वाजते. घरकाम बाईच्या शरीराचा उपयोग करून घेतं. त्या शरीराचं पुढे काय होतं, हे कोण बघतं? मशीनवरची वीस मिनिटं ही काकूच्या दिवसातली एकमेव वीस मिनिटं आहेत, ज्यांतून दुसऱ्या कुणासाठी काहीच तयार होत नाही. ना पोळी, ना डबा, ना इस्त्री. बहुतेक म्हणूनच त्यांचं इतकं हसू होतं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: चार महिन्यांत त्यावर कपडे वाळत पडतील. पडतातही, कितीतरी घरांत. साधं हायड्रॉलिक मशीन काही हजारांत मिळतं, खेळाडू वापरतात तसलं लाखाच्या घरात जातं. एवढे पैसे रील्स बघून घालवू नयेत, हे माझंही मत. ‘तीस दिवसांत पोट गायब’ म्हणून घेतलेलं मशीन एकतिसाव्या दिवशी दोरी होतं. काकूने वजनाचा आकडा ठरवलाच नाही. एका दमात दोन हजार मीटर, एवढंच तिने ठरवलं. ऑलिंपिकची शर्यत तेवढीच असते, हे मी तिला सांगितलं तेव्हापासून ती मध्येच फोनसुद्धा उचलत नाही.

चौथा आक्षेप मात्र माझा स्वतःचा आहे, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. माझी चुलत बहीण धारला असते. धार म्हणजे साडेबारा तलावांचं गाव. ताई रोज पहाटे तलावाच्या काठाने चालायची. मग रोज त्याच वळणावर मोटारसायकलवरची तीच पोरं, तेच शेरे. घरी सांगितल्यावर उत्तर आलं, ‘मग नको जाऊस.’ ती थांबली. तिला मशीन हवंय, पण भाड्याच्या दोन खोल्यांत नवरा, सासू आणि दोन मुलं असताना आठ फूट लांबीची वस्तू ठेवणार कुठे? खालचे घरमालक आवाजावरून बोलणार ते वेगळंच. म्हणजे बघा, जिथे पाणी नाही तिथे काकू वल्हवतेय आणि जिच्या गावाला साडेबारा तलाव आहेत ती घरात बसून आहे.

म्हणून घरातल्या मशीनचं कौतुक मी जरा हात राखूनच करते. ‘बायकांनी घरातच व्यायाम करावा, बाहेर कशाला?’ असं कुणी यातून काढत असेल, तर मला ते अजिबात मान्य नाही. तलावाचा काठ ताईचा आहे, आणि तिथून जायचं असेल तर त्या पोरांनी जावं. पण ती जाईपर्यंत ताईच्या गुडघ्यांनी आणि हृदयाने वाट बघायची का? काठासाठी भांडणं आणि आज वीस मिनिटं वल्हवणं, ही दोन्ही कामं एकदम करता येतात.

त्यातून एक अगदी साधी गोष्ट सुचते. धार आणि देवासला पवारांच्या काळापासून मराठी माणूस आहे. गणपतीला जमायला त्याच्याकडे हॉल आहेत. आपल्या चर्चलाही हॉल असतो, आठवड्यातले पाच दिवस तो खुर्च्या रचून बंद असतो. अनेक मशीन वापरून झाल्यावर उभी करून भिंतीला लावता येतात. दहा घरांनी वर्गणी काढली तर एक चांगलं मशीन येतं, आणि जे एका घरात दोरी झालं असतं ते दहाजणींच्या पाळीत फिरतं राहतं. सकाळी सहा ते आठ फक्त बायकांसाठी. पहिले पंधरा दिवस ओढायचा क्रम नीट शिकवायला कुणीतरी जाणकार. कुणी आलं नाही तर विचारपूस करायला बाकीच्या नऊजणी.

आणि हॉलची किल्ली त्यांच्यापैकीच एकीकडे. ती दुसऱ्या कुणाकडे गेली, की पहिल्याच आठवड्यात तिथे कुणाच्या तरी बारशाचे मंडप-सामान येऊन पडेल.