१३ वर्षांनी मूळ गावी आली, तीही काही तासांसाठीच! मलालाच्या माघारी येण्याचा अर्थ काय?

लेक बऱ्याच दिवसांनी गावी आली की सगळी गल्ली दारात गोळा होते. मलाला यूसुफझाई मात्र ५ मार्च २०२५ रोजी वडिलांच्या गावी आली ती हेलिकॉप्टरने, कडक बंदोबस्तात. नातेवाइकांना भेटली, आपल्या मदतीतून उभ्या राहिलेल्या शाळेत गेली आणि काही तासांतच परतली. पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतातल्या डोंगराळ शांगला जिल्ह्यातलं बरकाना हे तिचं मूळ गाव. लहानपणी सुट्टीत ती तिथंच जायची. तिथं पुन्हा पाय ठेवायला १३ वर्षं गेली.

आधी थोडं मागं जाऊ. शेजारच्या स्वात खोऱ्यात तालिबानचा जोर होता. जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद ठेवायचं फर्मान त्यांनी काढलं. मलाला तेव्हा ११ वर्षांची. वडील झियाउद्दीन स्वतः शाळा चालवायचे. ती टोपणनावाने बीबीसी उर्दूसाठी डायरी लिहायची, नंतर उघडपणे बोलू लागली. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी शाळेच्या गाडीत तिच्या डोक्यात गोळी घातली गेली. उपचार इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला झाले आणि घरही तिथंच झालं. २०१४ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, आपल्या कैलाश सत्यार्थी यांच्यासोबत तिला शांततेचं नोबेल मिळालं.

जगाने डोक्यावर घेतलं, पण घरच्यांचं काय? मार्च २०१८ मध्ये ती पहिल्यांदा मायदेशी आली, स्वातलाही जाऊन आली. त्याच वेळी तिथल्या खासगी शाळांच्या एका संघटनेने 'मी मलाला नाही' असा दिवस पाळला. म्हणजे बघा, विरोध केला तोही शाळा चालवणाऱ्यांनीच! ती परदेशाची बाहुली आहे, असं म्हणणारे आजही आहेत. दहशतवाद, लष्करी कारवाया आणि ड्रोन हल्ले सोसलेल्या लोकांना वाटतं, जगाला आमच्यातली एकच पोरगी दिसली का? हे दुखणं खोटं नाही. पण त्यासाठी दोष त्या पोरीला देऊन उपयोग नाही.

'हा समाजच शिक्षणाच्या विरोधात आहे' असं म्हणणंही चुकीचं. शांगलाच्या ज्या भागात मुलींसाठी चालू स्थितीतलं सरकारी कॉलेजच नव्हतं, तिथं २०१८ मध्ये मलालाच्या मदतीतून मोफत शाळा-कॉलेज सुरू झालं. आज सुमारे १,००० मुली तिथं शिकतात. त्यांना पाठवणारे आईबाप त्याच रूढीप्रिय, धार्मिक गावांतले आहेत. सोय जवळ आली, भरवसा बसला, तशा पोरी शाळेत आल्या. दहावीनंतर कॉलेज लांब असलं की आधी पोरीचंच शिक्षण थांबतं, हे आपल्या खेड्यांतही कुणाला सांगायला नको.

जानेवारी २०२५ मध्ये इस्लामाबादला मुस्लीम देशांची मुलींच्या शिक्षणावर परिषद झाली. अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींना शाळा बंद आहे. त्याविरुद्ध उघड बोला, असं मलालाने तिथं मुस्लीम नेत्यांना सांगितलं. म्हणजे हा वाद धर्माबाहेरच्यांनी लादलेला नाही, तो घरातच चालू आहे.

प्रश्न सुरक्षेचा उरतोच. शाळा उभी राहिली, पण जिच्यामुळे राहिली तिला तिथं एक रात्रही काढता आली नाही. पुढच्या वेळी ती साध्या गाडीने, रस्त्याने गावात येऊन चार दिवस राहू शकली, तर समजायचं की शांगलात खरंच काही बदललं.