तब्येत सुधारली हो!

परवा मिरज रस्त्यावरच्या एका कार्यालयात आमच्या भाच्याचा साखरपुडा झाला. मी कार्यालयांत मठ्ठ्यासाठी जाते, हे या सदराच्या जुन्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मठ्ठा झकास होता. आलं बेताचं, कोथिंबीर सढळ. बाकी सारं शिरस्त्याप्रमाणे. गुरुजींचा माइक खरखरत होता, हारवाला अजून यायचा होता आणि दाराजवळच्या खुर्चीत आमची आत्या बसली होती. दारात गुलाबपाणी शिंपडायला कुणाला तरी उभं करतात ना, तशी ही आल्यागेल्या प्रत्येक पोरीवर एकेक वाक्य शिंपडत असते. नवऱ्या मुलाची बहीण, म्हणजे आमची भाची, हिंजवडीहून आदल्या रात्रीच्या गाडीने येऊन, साडीबिडी नेसून, पेढ्यांचं तबक घेऊन पुढे आली. आत्याने तिला वरून खाली आणि खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "तब्येत सुधारली हो पोरीची!"

भाची हसली. "हो ना आत्याआजी," म्हणाली, पेढा दिला, वाकून नमस्कारसुद्धा केला. मग तबक जरा पोटाशी धरून चालायला लागली. फोटोच्या वेळी मागच्या रांगेत गेली, करवली असून. पंगतीत जिलेबी आली तेव्हा पानावर हात आडवा. या मुलीने लहानपणी माझ्या पानातल्या जिलेब्या पळवल्या आहेत. माझं सगळं जेवण त्या न घेतलेल्या जिलेबीपायी बिघडलं. मठ्ठा तेवढा पुन्हा घेतला.

आत्याला वाईट म्हणायची सोय नाही. तिला विचारलं तर म्हणेल, मायेपोटी बोलले. आणि ते खरंही आहे, हीच तर अडचण! आपल्याकडे मुलीच्या अंगावर बोलणं हे क्षेमकुशलच असतं. जरा भरली की "तब्येत सुधारली", जरा उतरली की "वाळलीस गं, मेसचं जेवण बाधलेलं दिसतंय". उन्हातून आली की "किती रापलीस". काहीच झालं नसेल तर "अजून तश्शीच आहेस". या परीक्षेत पास होण्याची तरतूदच नाही. मुलांचं बघा. त्याच कार्यालयात नवरा मुलगा कुर्त्याच्या आतून स्पष्ट दिसेल असं पोट घेऊन वावरत होता. त्याला आत्या म्हणाली, "खात्यापित्या घरचा दिसतो." तेच पोट बहिणीला असतं तर "थायरॉइड तपासून घे एकदा" असं म्हणून डॉक्टरचं नाव सांगितलं असतं.

घरी आल्यावर मी माझ्या सवयीप्रमाणे वाचत बसले. माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून मोजतो, हे लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलं आहे. तरुण मुली स्वतःच्या शरीरावर खूश आहेत की नाराज, हे नुसत्या वजनावर ठरत नाही. तुलनेची सवय किती, स्वतःविषयी एकूण मत काय, कुठला 'आदर्श' बांधा मनात पक्का बसलाय आणि आईबाप, मैत्रिणी, माध्यमं काय बोलतात, यावर बरंच अवलंबून असतं. बार्बरा फ्रेडरिकसन आणि मंडळींनी १९९८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण मुलामुलींना एकेकटं खोलीत पाठवलं, कुणाला स्वेटर घालायला दिला तर कुणाला पोहायचा पोशाख, आरशात बघायला लावलं आणि मग गणितं सोडवायला दिली. पोहायच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली, मुलांना काही फरक पडला नाही. खोलीत बघणारं कुणी नव्हतं, तरी! उलट बाजूने, नेदरलंड्समध्ये जेसिका अलेवा यांनी तरुण स्त्रियांना आपलं शरीर काय काय करतं ते लिहायला लावलं, तर त्यांचं समाधान वाढलेलं दिसलं. कसं दिसतं ते नव्हे, काय करतं ते.

खोलीत कुणी नव्हतं, हे मला पटत नाही. आत्या होती. प्रत्येकीची आपापली.

आमच्या गल्लीतल्या सुशिक्षितांचं म्हणणं असं की दोष सगळा मोबाइलचा. असेल बुवा. फिजी बेटांच्या नद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. भरल्या अंगाचं कौतुक करणारा तो समाज. ॲन बेकर या संशोधिकेने १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींना विचारलं, तर शंभरातल्या ७४ जणींना कधी ना कधी आपण फार जाड आहोत असं वाटत होतं. तेव्हा पडद्याचा प्रताप मी नाकारत नाही. पण मोबाइल निदान उपडा ठेवता येतो. शिवाय आपल्याकडे टीव्ही यायच्या कितीतरी आधीपासून कांदेपोहे आहेत. 'फेअर अँड लव्हली' आली १९७५ मध्ये, २०२० मध्ये तिने लाजून नाव बदलून 'ग्लो' केलं. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाची चाळण काढून टाकली. आणि आमच्या भाचीचा बायोडेटा? तिच्या वडिलांनी झेरॉक्सवाल्याकडच्या तयार नमुन्यात भरून आणलाय. जन्मवेळ, रास, गण, नाडी, आणि मग एका ओळीत 'उंची ५ फूट ३ इंच, वर्ण निमगोरा, रक्तगट बी पॉझिटिव्ह'. वर गणपती. एम.टेक. खालच्या कोपऱ्यात.

या सगळ्यात माझ्या ओळखीची एकच बाई अशी आहे की जी दिवसभर बायकांची शरीरं मोजते आणि त्यावर एक अक्षर बोलत नाही. गावभागातल्या आमच्या शिलाईवाल्या काकू. दोन मशिनी, भिंतीवर खिळ्याला लटकवलेले हँगर, पायाशी चिंध्यांचा ढीग. गळ्यात टेप. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीला लग्नाच्या पैठणीवरचा ब्लाउज टाकायचा होता, म्हणून मी सोबत गेले. काकूंचं बोलणं एवढंच : "सरळ उभी राहा. हात वर. खाली. श्वास सोड." मग उंची, छाती, कंबर, मुंढा, दंड, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, असे आकडे निमूटपणे वहीत. माप घेताना प्रत्येक बाई पोट आत ओढते, भाचीनेही ओढलं. काकूंनी टेप तसाच धरून ठेवला आणि ती थकून श्वास सोडेपर्यंत थांबल्या. "जेवायचंय ना त्या दिवशी?" म्हणाल्या आणि आकडा लिहिला.

मग भाचीने हळूच सांगितलं, "काकू, दंड फार जाड दिसतात हो माझे. बाही कोपराच्या खाली घ्या." काकूंनी कापड उलटसुलट केलं. "भावाच्या वरातीत नाचणार?" भाची म्हणाली, नाचणार तर. "मग कोपराखाली नको, काठ जड आहे, हात वर जायचा नाही. चार बोटं वर घेते." विषय संपला. दंडाच्या जाडीबद्दल पुढे कुणी बोललंच नाही. डच संशोधन काकूंनी वाचलं असण्याचा संभव नाही.

तयार कपड्यांच्या दुकानात काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. ट्रायल रूममध्ये डोक्यावर पांढरा दिवा, तीन बाजूंनी आरसे आणि दाराबाहेर "झालं का मॅडम?" लार्जची चेन बसत नाही म्हणून पोरी हिरमुसून बाहेर येतात, एका ब्रँडचा मीडियम दुसऱ्याच्या एक्सेलएवढा असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. आपल्या देशाच्या माणसांचं स्वतःचं प्रमाणित मापकोष्टकच नव्हतं, कंपन्या परदेशी मापांवर भागवत होत्या. म्हणून तर निफ्ट या फॅशनच्या शिक्षणसंस्थेने 'इंडियासाइज' नावाची पाहणी हाती घेतली, सहा शहरांत २५ हजारांवर माणसांना थ्रीडी स्कॅनरमध्ये उभं करून मोजायची. म्हणजे इतकी वर्षं आपल्या मुली ब्रिटिश-अमेरिकन बायकांच्या मापाच्या कपड्यांत स्वतःला कोंबत होत्या आणि न मावल्याबद्दल स्वतःला दोष देत होत्या! काकूंच्या वहीत लार्ज नाही आणि स्मॉलही नाही. नावापुढे आकडे आहेत, आणि गेल्या वेळचे आकडे खोडून नवे. दोन्ही बाजूंच्या शिवणीत त्या बोट-दीड बोट माया ठेवतात, ती न सांगता. पुढच्या वर्षी घट्ट झाला की घेऊन जायचं, त्या उसवून देतात. दहा मिनिटांचं काम. "सुधारली की" वगैरे काही नाही.

काकूंचा पत्ता मी छापणार नाही. आधीच आमचे ब्लाउज वेळेवर मिळत नाहीत. पण तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी आपापल्या टेलरकडे पितृपक्षातच कापड टाकावं. तेव्हा गर्दी नसते, नवरात्र बसलं की कुणी हातात घेत नाही. अस्तर आधी भिजवून, वाळवून न्या. आणि माप देताना पोट आत ओढू नका.