टकटक कोण करतं?

दोस्तांनो, दादाच्या मोटारसायकलचं सेल्फचं बटण दाबलं आणि गाडी सुरू व्हायच्या ऐवजी नुसतीच 'टक्-टक्-टक्' करायला लागली, तर बटण दाबत बसू नका. आधी कान द्या.

हा आवाज रिलेचा. इंजिन फिरवणाऱ्या मोटरला भरपूर प्रवाह लागतो, तो काही हँडलवरच्या इवल्याशा बटणाला पेलवणार नाही. म्हणून बटण नुसता हुकूम सोडतं आणि रिले मोठी वाट जोडून देतो. बॅटरी उतरलेली असेल, तर मोटरने प्रवाह ओढताच व्होल्टेज कोसळतं आणि रिले सुटतो. ओढ थांबली की व्होल्टेज सावरतं, रिले पुन्हा चिकटतो. झाली टकटक सुरू! हॉर्नही मरगळलेला वाजला, तर संशय पक्का. पण बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार साचले तरी हेच होतं. तेव्हा नव्या बॅटरीचा खर्च करण्याआधी दादाला ती टोकं बघायला सांगा.

आवाजच नाही? मग लाल किल स्विच (धाकट्या भावंडांचा लाडका!), साइड स्टँड, क्लच, फ्यूज बघायचे.

आणि इंजिन फिरतंय, पण पेटत नाही? मग सेल्फ बिचारा निर्दोष! पेट्रोल नाहीतर ठिणगी यांत घोळ आहे. इथे मात्र हात मागे! बारा व्होल्टच्या बॅटरीवर इग्निशन कॉइल दहा हजारांहून जास्त व्होल्ट तयार करते, आणि जवळच पेट्रोल असतं. प्लग काढून ठिणगी बघणं मेकॅनिककाकांचं काम. तुम्ही एवढंच सांगा, "काका, इंजिन फिरतंय, पण पेटत नाही." निम्मा शोध तुम्हीच लावलेला असेल!