मुलाखत आणि बोंडअळी

तालुक्याचे नाव केळापूर आणि कचेरी मात्र पांढरकवड्यास, ही विसंगती ज्यांच्या अंगवळणी पडली आहे अशा आमच्या भागातून बी.एस्सी. होऊन पुण्याच्या आयसरमध्ये किंवा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रवेश मागणाऱ्या उमेदवारांना लेखी परीक्षेची धास्ती फारशी वाटत नाही. त्यांची गाळण उडते ती तिच्यानंतर होणाऱ्या मुलाखतीने. मग अपेक्षित प्रश्नांची चोपडी पैदा केली जाते, आत्मपरिचयाचा इंग्रजी मसुदा मुखोद्गत होतो, आणि ज्याची परीक्षा व्हावयाची त्या विचारशक्तीस तेवढी रजा मिळते.

या तयारीचा आरंभ, माझ्या मते, कपाशीच्या शेतातून व्हावा. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळत असे, व ती धुऱ्याकडेने पेरण्याऐवजी पुष्कळ जण फेकून देत, हे येथील शेतकऱ्याच्या मुलाने लहानपणी पाहिलेले असते. ती पुडी मुळात दिलीच का जावी, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारावा. बिगर-बीटी झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीच्या विषास न जुमानणाऱ्या विरळा पतंगांशी मीलन पावतात, आणि प्रतिकाराचा गुण अप्रभावी असल्यास त्यांची संतती बीटीच्या झाडावर मरते. येथवर पाठ्यपुस्तकातला मेंडेल पुरतो. परंतु परीक्षक येथे थांबत नाही. तो गुण प्रभावी असता तर? तर पुडीचा उपयोग फारच थोडा. मग २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजविला असता अमेरिकन बोंडअळी बीटीला तितकी का निर्ढावली नाही? ज्याने कपाशीत तुरीच्या ओळी पाहिल्या आहेत, त्याला या ठिकाणी वाट सापडावी: अमेरिकन अळी तूर आणि हरभराही खाते, म्हणजे तिच्या साध्या भाईबंदांना जगण्यास जागा आपोआप मिळते, गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच पोसली जाते, तिची ती सोय पुडीवाचून होत नाही. अशी साखळी फळ्यापाशी उभे राहून, अडखळत का होईना, स्वतःच्या तोंडाने जोडता येणे, हीच मुलाखतीची तयारी. आधी ती मराठीत जोडावी. पारिभाषिक इंग्रजी शब्द मागाहून बसविता येतात, पण न समजलेल्या गोष्टीवर ते बसविले म्हणजे तिसऱ्या प्रश्नास ते गळून पडतात.

हा अभ्यास घडविण्याची तरतूद आपल्या महाविद्यालयांत आजही आहे. प्रात्यक्षिकासोबतची तोंडी परीक्षा दुसऱ्या कशासाठी आहे? उपकरणाचे नाव विचारून प्रयोगवहीवर सही ठोकण्यापुरती ती उरली आहे, हे प्राध्यापकांनाही ठाऊक असते. शिकवणीवर्गांकडे मुलाखतीच्या क्लृप्त्यांसाठी फी भरण्यापेक्षा या परीक्षेस विद्यार्थ्यामागे पंधरा मिनिटे आणि एक फळा द्यावा. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकास नागपूरची एस.टी. गाठावयाची घाई असते, ही सबब मला मान्य नाही. पांढरकवडा हैदराबादच्या हमरस्त्यावर आहे, पुढची गाडी मिळते.

— जिज्ञासू