ताकदीच्या गोळ्यांनी पोटाची सूज उतरत नाही

वस्तीत घरभेटीला गेलो की हल्ली फळीवर मल्टीव्हिटॅमिनचा डबा दिसतो. “ताई, वजन वाढलंय, अंगात सूज आहे, म्हणून घेते,” असं सांगतात. डबा शेकडो रुपयांचा आणि त्याच घरात डाळ पातळ झालेली, अंडी बंद झालेली. म्हणून या विषयावर स्पष्ट बोलायचं आम्ही ठरवलं.

पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती वाढली की तिच्यातून दाह वाढवणारी रसायनं रक्तात सुटत राहतात. जखमेची सूज दिसते, दुखते आणि उतरते. ही सूज दिसत नाही, आतल्या आत वर्षानुवर्षं धुमसते. मधुमेह आणि हृदयविकाराला ती हातभार लावते. बाईची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावं.

मग गोळ्यांनी ही सूज जाते का? लठ्ठ माणसाच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी सापडतं, हे खरं. पण कमी आहे ते भरून काढणं वेगळं आणि दाह विझवणं वेगळं. काही छोट्या अभ्यासांत दाह थोडा उतरलेला दिसला, काहींत नाही. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांवर काही वर्षं मोठी चाचणी झाली. रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व घेऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

उलट धोका आहे. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती कुणी रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला इजा होते.

लोहाची गोष्ट मात्र आम्हाला जास्त सलते. शरीरात दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचा पदार्थ जास्त बनवतं आणि तो आतड्यातून लोह रक्तात जाऊ देत नाही. म्हणजे अंगाने भरलेल्या बाईलाही रक्तक्षय असतो, आणि लोहाची गोळी तिला कमी लागू पडू शकते. पण “तुम्हाला कसला अशक्तपणा?” म्हणून तिला दवाखान्यातून परत पाठवलेलं आम्ही पाहिलंय. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. तेव्हा वजन कितीही असो, हिमोग्लोबिन तपासून मागा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी १२ बद्दलही विचारा. कमतरता निघाली तर डॉक्टर देतील ती गोळी नेमाने घ्या. लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, ती बंद करू नका.

सूज उतरते ती वजन उतरल्याने. ८० किलोच्या माणसाचं चार-पाच किलो कमी झालं तरी फरक पडतो. डब्याच्या पैशात मटकी, हरभरे, पालेभाजी, अंडी आणा. चहातली साखर, वडापाव, कोल्ड्रिंक कमी करा. मिसरी, तंबाखू सोडा. रोज अर्धा तास चाला.

चालायला जागा कुठे आहे, असं बाया विचारतात. प्रश्न बरोबर आहे. गल्लीत दिवा नाही, मैदान नाही. म्हणून नगरसेवकाकडे जाताना नळ-गटाराच्या अर्जात दिवा आणि मैदानही लिहा. आमच्या मते तोही आरोग्याचाच अर्ज आहे.