आधी ठावठिकाणा, मग औषध

तीन आठवडे ताप उतरत नाही. रक्ततपासण्या, एक्स-रे, सोनोग्राफी सारे झाले, निदान नाही. अशा वेळी आपल्या देशात एक वाक्य हमखास कानी पडते: ‘क्षयाची औषधे सुरू करून पाहू.’ रुग्ण अत्यवस्थ असेल तर थांबता येत नाही, हे मान्य. एरवी मात्र या ‘करून पाहू’ला माझा ठाम आक्षेप आहे.

१९६१ साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी ‘अज्ञात कारणाच्या तापा’ची व्याख्या केली, तेव्हा सर्वांगातील दाह एका चित्रात पाहण्याची सोय नव्हती. आज ती आहे. फ्लोरिन-१८ जोडलेले, ग्लुकोजसदृश एफडीजी शिरेतून दिले की दाहातील सक्रिय पेशी ते अधिक शोषतात. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटताच ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. त्यांचा माग काढून पेट-सीटी रोगाची जागा दाखवते: महाधमनीचा दाह, मणक्यातील क्षय, पोटात खोल दडलेली लसिकाग्रंथी.

‘पेटला क्षय आणि लिम्फोमा यांतील फरक कळत नाही,’ असे म्हटले जाते. खरे आहे. परंतु बायोप्सीची सुई कुठे न्यावी, हे तिला कळते. आंधळे उपचार तेवढेही सांगत नाहीत. उलट पुरावा पुसतात. रिफॅम्पिसिन इतर जिवाणूंवरही चालते, म्हणून ताप उतरला तरी क्षय सिद्ध होत नाही. स्टेरॉइडने लिम्फोमा काही काळ दबतो. मग स्कॅनही फसवा ठरू शकतो आणि बायोप्सीही.

तपासणी महाग आहे, तीत किरणोत्सर्गही आहे. म्हणून ती प्रत्येक तापाला नको. प्राथमिक तपासण्या निष्फळ ठरल्यावर, पण अंदाजी औषधांच्या आधी हवी. महिनोन्महिने चाललेले चुकीचे उपचार स्वस्त असतात काय?

फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य ११० मिनिटे. साडेपाच तासांत आठवा हिस्सा उरतो. त्यामुळे सायक्लोट्रॉनपासून दूरच्या जिल्ह्यांची अडचण खरी आहे. परंतु मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली आले. दोन दशके उलटूनही पेट म्हणजे केवळ कर्करोगाची तपासणी, ही समजूत कायम असेल, तर दोष अर्धायुष्याचा नव्हे, आपल्या प्राधान्यक्रमाचा आहे. सरकारी रुग्णालयांतील पेट यंत्रांवर दीर्घ तापाच्या रुग्णांसाठीही वेळ राखून ठेवलाच पाहिजे.