पिल्लांची मर: लेखातील सल्ला घातक

मा. संपादक,


देशी पिल्ले मुळातच काटक, त्यांना लस लागत नाही, हे आपल्या अंकातील लेखकाचे म्हणणे पटणारे नाही. मानमोडी देशी-संकरित पाहत नाही आणि विषाणूजन्य असल्याने तिच्यावर औषधही नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा लसीचा थेंब पडलाच पाहिजे. लसही घरी येईपर्यंत बर्फातच हवी.

पहिल्या दिवसापासून पाण्यात प्रतिजैविके सोडण्याचा सल्ला त्याहून वाईट. त्यातल्या कोलिस्टिनच्या कोंबड्यांसाठीच्या वापरावर केंद्र सरकारने २०१९ मध्येच बंदी घातली आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांना औषध नव्हे, ब्रूडरखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढू लागली की ऊब कमी. चोची उघडून कडेला पांगली की जास्त. आमच्या नीराकाठी हिवाळ्यात रात्री शेडचे पडदे न सोडणाऱ्याची पिल्ले कोणतेही औषध वाचवत नाही.

रक्ती हगवण लेखात म्हटल्याप्रमाणे ‘पाणी बाधल्याने’ होत नाही. ती कॉक्सिडियामुळे होते आणि ओल्या तुसात फोफावते. मुठीत दाबलेल्या तुसाचा गोळा झाला, तर ते त्याच दिवशी बदलावे.

नव्याने शेड उभारणारी पोरे आपला अंक वाचून औषधे आणतात. ही दुरुस्ती पुढील अंकात ठळक छापावी.

कळावे,
एक कुक्कुटपालक
निरवांगी, ता. इंदापूर, जि. पुणे